अंबर, लोबान आणि अमानत

(बोरी बुद्रुक येथे संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)





देवमासा आणि डॉल्फिन यांचे रक्षण, हा आजच्या भाषणाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आपले गाव कुकडीच्या काठचे. आपल्या शिवारात ऊस, कांदा आणि बाजरी. समुद्र राहिला घाटाखाली, तिकडे कोकणात. तेव्हा बोरीच्या माणसाला देवमाशाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर आधी देतो आणि मग पुढे जातो.

जुन्नरचा मुलूख समुद्राशी फार जुन्या काळापासून जोडलेला आहे. नाणेघाटाची वाट ही सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांवरून देशावर येणाऱ्या मालाची वाट होती. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आपण सहलीत पाहिलेला आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. त्या काळी समुद्रापलीकडचा माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरच्या बाजारात येत असे.

दुसरा धागा माणसाच्या नावाचा आहे. मलिक अंबर हे नाव आपल्या भागात कोणाला माहीत नाही? हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याच्याच काळात जुन्नर हे काही वर्षे निजामशाहीच्या राजधानीचे ठिकाण होते. त्याचे जन्माचे नाव चापू. ‘अंबर’ हे नाव त्याला बगदादमध्ये त्याच्या धन्याने दिले. अंबर म्हणजे काय? तर समुद्रात सापडणारे एक मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना सुगंधी वस्तूंची नावे देण्याची त्या काळी पद्धत होती. हे अंबर झाडाला लागत नाही की खाणीत सापडत नाही. ते देवमाशाच्या पोटात तयार होते. म्हणजे आपण जुन्नरचा इतिहास वाचताना देवमाशाचे नाव रोज घेतो, फक्त ते आपल्या ध्यानात येत नाही.

आता हा प्राणी कसा आहे ते पाहू. आपण त्याला मासा म्हणतो, परंतु तो मासा नव्हे. गाय, म्हैस, घोडा यांच्याप्रमाणे तो सस्तन प्राणी आहे. त्याचे रक्त उष्ण असते, त्याला कल्ले नसून फुप्फुसे असतात, आणि श्वासासाठी त्याला पाण्याच्या वर यावेच लागते. डॉल्फिन हा त्याच कुळातला, आकाराने लहान. कोकणच्या किनाऱ्यावर मच्छीमार त्याला ‘गादा’ म्हणतात. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते. त्याला ती दूध पाजते, जवळ ठेवून वाढवते, आणि पुढचे पिल्लू साधारण दोन-तीन वर्षांनी होते. मासे लाखोंनी अंडी घालतात, त्यामुळे काही मेले तरी भर निघते. देवमाशाचे व डॉल्फिनचे तसे नाही. एक मादी गेली तर तिची जागा भरायला कित्येक वर्षे लागतात.

निळा देवमासा हा पृथ्वीवरचा आजवरचा सर्वांत मोठा प्राणी होय. त्याची लांबी तीस मीटरपर्यंत जाते. आपल्या एस.टी.च्या जवळजवळ तीन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी होईल तेवढी. आणि एवढा प्रचंड जीव खातो काय, तर करंगळीएवढे कोळंबीसारखे बारीक जीव. हा प्राणी आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रात येतो. सन २०१५ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना निळ्या देवमाशाची मादी आणि तिचे पिल्लू दिसले. त्याच वर्षी जून महिन्यात रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा वाहून आला आणि तेथेच मेला. एकाच वर्षातल्या या दोन बातम्या, एक आनंदाची आणि एक दुःखाची.

आपल्या धार्मिक परंपरेत हा प्राणी अनोळखी नाही. हजरत युनूस अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपण लहानपणी आईच्या मांडीवर ऐकलेला आहे. दुसरा प्रसंग हदीसमध्ये येतो. हजरत अबू उबैदा यांच्या नेतृत्वाखाली तीनशे लोकांची तुकडी समुद्रकिनाऱ्याकडे गेली होती. शिधा संपत आला, माणशी एकेका खजुरावर दिवस काढण्याची वेळ आली. तेव्हा किनाऱ्यावर त्यांना एक डोंगराएवढा मासा पडलेला आढळला. त्याचे नाव अंबर असे सांगितले आहे. त्यावर त्या लोकांनी कित्येक दिवस गुजराण केली. या प्रसंगातली एक गोष्ट मुलांनी ध्यानात घ्यावी. तो प्राणी त्यांनी मारलेला नव्हता. तो समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकला होता, आणि माणसे उपासमारीत होती. गरज आणि हाव यांच्यातला फरक येथे दिसतो.

आता हावेविषयी बोलतो, कारण ती आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेली आहे. अंबराला बाजारात ‘देवमाशाची उलटी’ म्हणतात. स्पर्म व्हेल नावाचा जो देवमासा आहे, तो हजार मीटरहून खोल बुडी मारून माकुळ खातो. माकुळाच्या टणक चोची त्याला पचत नाहीत. त्यांच्याभोवती आतड्यात मेणासारखा पदार्थ साचतो. तेच अंबर. पूर्वी अत्तराचा वास टिकवण्यासाठी त्याला मोठी मागणी होती. गेल्या काही वर्षांत कोट्यवधी रुपयांची ‘उलटी’ विकायला आणणारे लोक मुंबई, ठाणे, पुणे अशा ठिकाणी पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पकडले जातात ते बहुधा मधले दलाल आणि त्यांच्या नादी लागलेले तरुण. एका व्यवहारात जन्माचे कल्याण होईल, असे कोणी तरी त्यांना सांगितलेले असते.

पालकहो, हे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये देवमासा व डॉल्फिन यांना पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. अंबर जवळ बाळगणे, विकणे, विकत घेणे, हा गुन्हा आहे. त्याला तीन ते सात वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे. काहीजण म्हणतात, ‘समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले उचलले तर देवमाशाचे काय बिघडले? आणि अंबर तर आपल्याकडे पाक मानलेले आहे.’ वस्तू पाक असणे वेगळे आणि तिचा व्यापार रास्त असणे वेगळे. किनाऱ्यावर सापडलेले अंबर कोणते आणि प्राणी मारून काढलेले कोणते, हे पाहून ओळखता येत नाही. बाजार उघडा राहिला की मारणाऱ्यालाही भाव मिळतो. म्हणून कायद्याने तो बाजारच बंद केला. आपल्या मुलाच्या कानावर असा व्यवहार आला तर त्याने त्यापासून दूर राहावे, एवढे तरी त्याला घरी सांगा.

जगात या प्राण्यांची शिकार किती झाली, याचे एकच उदाहरण देतो. ते आपल्याच अरबी समुद्रातले आहे. हंपबॅक नावाचा एक देवमासा आहे. इतर समुद्रांत तो हंगामाप्रमाणे ध्रुवांकडे जातो, परंतु अरबी समुद्रातला त्याचा कळप बारमाही येथेच राहतो. सन १९६६ च्या नोव्हेंबर महिन्यात सोव्हिएत शिकारी जहाजांनी या समुद्रात २३८ हंपबॅक मारले. आज त्या कळपात शंभराच्या आत जीव उरले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

तद्नंतर जगाला थोडी जाग आली. सन १९७९ मध्ये सेशेल्स या चिमुकल्या बेटांच्या देशाने आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगापुढे प्रस्ताव मांडला आणि सगळा हिंदी महासागर देवमाशांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मोठमोठ्या राष्ट्रांना न सुचलेली गोष्ट एका लहान देशाने करून दाखवली. सन १९८१ मध्ये भारत या आयोगाचा सभासद झाला. सन १९८२ मध्ये आयोगाने व्यापारी शिकारीला सर्वत्र स्थगिती देण्याचा निर्णय घेतला. आपल्या समुद्रात भाल्याचे भय त्यामुळे गेले.

मग आता भय कशाचे? मुख्य भय जाळ्याचे. मच्छीमार जाळे टाकतो ते सुरमई, बांगडा, पापलेट यांच्यासाठी. डॉल्फिन त्याच माशांच्या मागे येतो आणि जाळ्यात गुरफटतो. त्याला श्वासासाठी वर येता येत नाही, आणि समुद्रात जन्मलेला प्राणी समुद्रातच गुदमरून मरतो. याशिवाय जहाजांच्या धडका, यंत्रांचा आवाज आणि प्लॅस्टिक ही कारणे आहेतच. देवमासे व डॉल्फिन आवाजावर जगतात. गढूळ पाण्यात वाट काढणे, भक्ष्य शोधणे, पिल्लाला हाक मारणे, सारे काही आवाजाने चालते. जहाजांच्या गोंगाटात त्यांची स्थिती भर बाजारात हरवलेल्या मुलासारखी होते.

येथे आपल्या महाराष्ट्रातल्या सागरी अभयारण्याकडे वळतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा मालवणचा समुद्र सन १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यांपैकी गाभ्याचा भाग सुमारे ३ चौरस किलोमीटर. तेथे प्रवाळ आहे, नाना जातींचे मासे आहेत, आणि किनाऱ्यालगत डॉल्फिनचे कळप फिरतात. कागदावर हे सारे उत्तम. परंतु मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला पहिल्यापासून विरोध केला. आम्हांला न विचारता आमच्या समुद्रावर रेघ ओढली, उद्या आमची होडी अडवतील, अशी त्यांची तक्रार होती. पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढून पोट भरणाऱ्या माणसाला रोजीची धास्ती वाटली, यात नवल ते काय?

शहरातल्या माणसाला हा विरोध अडाणीपणाचा वाटतो. आपण जुन्नर तालुक्यातली माणसे मात्र तसे म्हणू शकत नाही. आपल्या उसात बिबट्या राहतो. त्याला कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते असावे. परंतु रात्री गोठ्यातले वासरू गेले, शेळी गेली, तर नुकसान कोणाचे होते? कायदा करणाऱ्याचे होत नाही, शेतकऱ्याचे होते. आपल्या भागात माणसेही दगावली आहेत. लेकरे घराबाहेर पाठवताना आईच्या जिवाचा थरकाप होतो. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र, वनखात्याचा पंचनामा, मिळणारी भरपाई, या गोष्टी आपल्याला रोजच्या परिचयाच्या आहेत. भरपाई वेळेवर मिळाली तर शेतकरी धीर धरतो, आणि ती अडकली तर त्याचा राग त्या मुक्या जनावरावर निघतो, हे आपण डोळ्यांनी पाहतो. मालवणच्या मच्छीमाराचे दुःख समजण्यासाठी आपल्याला समुद्र पाहण्याची गरज नाही.

मला आज जे सांगावयाचे आहे ते हेच. प्राण्याचे रक्षण कायद्याने सुरू होते, परंतु ते टिकते न्यायाने. ज्याच्या जाळ्यात डॉल्फिन अडकतो, त्याच्याच हातात सुरी असते. ती सुरी जाळे कापण्यासाठी चालवायची की नाही, हे भर समुद्रात तो एकटा ठरवतो. तेथे वनरक्षक नसतो, पोलीस नसतो. जाळे हजारो रुपयांचे, कदाचित कर्जाने घेतलेले. ते कापावे ही अपेक्षा करायची असेल तर त्याची किंमत त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये ही गोष्ट ओळखली. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला जिवंत सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू झाली. पुरावा म्हणून सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत लागते. तेव्हापासून कासवे, डॉल्फिन, देवमुशी असे अनेक प्राणी मच्छीमारांनी परत पाण्यात सोडले. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांत रत्नागिरी भागातले आपले दालदी बांधवही आहेत. दंडाच्या भीतीने जे झाले नसते, ते माणसाच्या नुकसानीचा विचार केल्याने होऊ लागले.

परंतु केवळ पैशाने सारे होते असेही नाही. मनाला पटावे लागते. याचे एक उदाहरण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे आहे. झांजीबारच्या पेम्बा बेटाजवळ मिसाली नावाचे लहान बेट आहे. तेथील समुद्र प्रवाळांचा, आणि मच्छीमार जवळजवळ सारे मुसलमान. सन १९९८ मध्ये तो परिसर संरक्षित जाहीर झाला. सुरुंगाच्या स्फोटाने मासे मारण्याची वाईट रीत त्या भागात शिरली होती. नुसत्या सरकारी हुकमाने लोक वळत ना. तेव्हा काही मुस्लिम अभ्यासकांनी मच्छीमार आणि मशिदींचे इमाम यांच्याबरोबर बसून दीनच्या आधाराने हा विषय मांडला. माणूस या पृथ्वीचा मालक नाही, तो खलिफा म्हणजे विश्वस्त आहे. सृष्टीत एक मीजान, एक तोल आहे, आणि तो बिघडवण्याचा आपल्याला हक्क नाही. शासनाचे कागद जेथे पोहोचले नाहीत तेथे ही भाषा पोहोचली.

आणि अभयारण्य ही कल्पना तरी आपल्याला कोठे नवी आहे? इस्लामी परंपरेत ‘हिमा’ म्हणून राखीव क्षेत्राची पद्धत आहे. पूर्वी अरबस्तानात बलवान सरदार आपल्या गुरांसाठी कुरणे अडवून ठेवीत. इस्लामने ती मक्तेदारी मोडून राखीव कुरण सर्वांच्या हितासाठी असावे असे ठरवले. मदिनेच्या परिसरात झाड तोडण्यास आणि शिकार करण्यास पैगंबरसाहेबांनी मनाई केली होती. राखीव जागा बलवानाच्या सोयीसाठी नसून सर्वांच्या भल्यासाठी असावी, हा त्यातला मुद्दा होय. मालवणच्या मच्छीमाराचे म्हणणे याहून वेगळे नाही.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्यासाठी. ओमानच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका हंपबॅक मादीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारे लहानसे यंत्र बसवले होते. त्यांनी तिचे नाव ठेवले ‘लुबान’. म्हणजे आपण घरात जुम्याच्या दिवशी जाळतो तो लोबान. सन २०१७ च्या डिसेंबरात ही लुबान अरबी समुद्र ओलांडून निघाली आणि सुमारे दीड हजार किलोमीटर अंतर कापून भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे आली. तेथून ती दक्षिणेच्या टोकापर्यंत गेली. हा कळप ओमान आणि भारत या दोन्ही देशांचा आहे, हे त्यामुळे प्रत्यक्ष सिद्ध झाले. अंबर आणि लोबान, दोन्ही नावे सुगंधाची. एकापायी माणसाने देवमाशाच्या पोटात हात घातला, दुसरे नाव त्याने त्या प्राण्याला समजून घेताना प्रेमाने ठेवले. यांपैकी कोणत्या वाटेने जायचे हे तुमच्या पिढीने ठरवायचे आहे.

समजून घेण्याची वाट शिक्षणाची आहे. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय आहे. गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, कोचीला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे. कुकडीकाठच्या मुलाने वा मुलीने तेथे जाऊ नये असे कोठे लिहिलेले नाही. मुलींच्या बाबतीत तर मी पालकांना आग्रहाने सांगेन, की दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवणाऱ्या मुलीचे शिक्षण बारावीवर थांबवू नका. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या आज कितीतरी महिला आहेत.

जे तेथवर जाणार नाहीत त्यांच्यासाठीही कामे आहेत. सहलीला मालवण, तारकर्ली, हर्णै, मुरूड येथे गेलात आणि नावाड्याने डॉल्फिन दाखवले, तर त्याला पाठलाग करायला लावू नका. दुरून पाहा, यंत्र बंद करायला सांगा. किनाऱ्यावर जिवंत देवमासा वा डॉल्फिन वाहून आलेला दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मदत येईपर्यंत गर्दी हटवा, त्याच्या अंगावर ओले कापड ठेवा. मात्र डोक्यावर श्वासाचे छिद्र असते, ते झाकू नका व त्यात पाणी जाऊ देऊ नका. शेपटीला धरून ओढू नका.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिल्लू अडकले होते. ग्रामस्थ, पोलीस, वनखाते यांनी सुमारे चाळीस तास खटपट करून त्याला खोल पाण्यात नेले. ते पिल्लू पुढे वाचले नाही. परंतु एका मुक्या जिवासाठी एवढी माणसे रात्रभर पाण्यात उभी राहिली, ही मेहनत वाया गेली असे मी मानत नाही. त्या किनाऱ्यावरच्या मुलांनी ते पाहिले आहे.

शेवटची गोष्ट आपल्या गावाची. आपली कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. म्हणजे बोरीच्या पुलावरून टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी आज ना उद्या समुद्राकडे निघते. समुद्र आपल्यापासून दूर आहे, हे म्हणणे पाण्याला मान्य नाही. जमिनीवर आणि समुद्रात माणसाच्या करणीने होणाऱ्या बिघाडाचा उल्लेख सूरह रूममध्ये आहे. तो केवळ बंदरावरच्या लोकांसाठी नाही.

अमानत हा शब्द आपण पैशाच्या व्यवहारात वापरतो. दुसऱ्याची ठेव जशीच्या तशी परत करणे म्हणजे अमानतदारी. समुद्र आणि त्यातले जीव ही आपल्या नातवंडांची ठेव आहे. ती सांभाळताना मच्छीमाराच्या घरची चूल विझू नये, आणि मच्छीमाराची चूल पेटती ठेवताना तो जीव नाहीसा होऊ नये, अशा दोन्ही बाजू राखणारी माणसे या शाळेतून तयार व्हावीत, अशी दुआ करतो. आज बक्षिसे मिळवलेल्या सर्व विद्यार्थ्यांचे अभिनंदन करतो.